संगणक अभियंत्याचा दिवस

“मुलगा दिवसभर संगणकासमोर बसून नेमके करतो तरी काय?” हा प्रश्न पालक आम्हांस वारंवार विचारतात. हिंजवडीच्या कंपन्यांत काम करणाऱ्या माजी विद्यार्थ्यांकडून आम्ही जाणून घेतले ते असे. नवा प्रोग्राम लिहिण्यापेक्षा इतरांनी पूर्वी लिहिलेला वाचण्यातच अभियंत्याचा बराच वेळ जातो. मोडी दफ्तर लावण्यासारखेच हे काम! लिहिणारा केव्हाच नोकरी सोडून गेलेला असतो. त्याने तसे का लिहिले, हे ताडावे लागते. सन २००० च्या उंबरठ्यावर भारतीय कंपन्यांना मोठे काम मिळाले, तेही जुन्या प्रोग्रामांत वर्षाचे दोनच अंक नोंदलेले असल्यामुळे.

केलेला प्रत्येक बदल सहकारी तपासतात आणि चुका लेखी दाखवतात. न्यूयॉर्कचे घड्याळ आपल्या साडेनऊ ते साडेदहा तास मागे. म्हणून तिकडच्या ग्राहकाशी बैठक रात्री. प्रकल्प संपला की ‘बेंच’ : पगार चालू, काम नाही. घरी हे सहसा कोणी सांगत नाही.

आमच्या एका विद्यार्थ्याने न समजलेली गोष्ट तीन दिवस कोणालाच विचारली नाही. काम अडून राहिले. वर्गातही तो असाच गप्प बसे, आणि आम्ही त्याला शहाणा मुलगा म्हणत असू.