मथळ्याची अक्षरे

आठवडी बाजारात एखादा विक्रेता गिऱ्हाईक जवळ आल्यावर हळूच बोलतो, तर दुसरा लांबूनच आरोळी ठोकतो. छापील अक्षरांचेही असेच आहे. पुस्तकातील बारीक अक्षर हळू बोलते. वाचकाचे लक्ष स्वतःकडे न ओढता ते अर्थाकडे नेते. मथळ्यावरील, दुकानाच्या पाटीवरील वा वेष्टनावरील अक्षराला मात्र रस्त्यापलीकडच्या माणसाला थांबवायचे असते. त्यासाठी ते कधी जाड होते, कधी तिरपे, तर कधी गोलसर.

रोमन अक्षरांच्या टोकांना पूर्वापार बारीक आडव्या रेषा असत. लंडनच्या विल्यम कॅस्लन चौथा या ओतकाऱ्याने १८१६ साली आपल्या नमुन्यांत त्या रेषा वगळलेले एक अक्षर दाखविले. ते अगदी साधे होते व त्यात फक्त मोठी लिपी होती. पुढे जाहिरातींचा सुकाळ झाला आणि या साध्या अक्षराचे दिवस पालटले.

तिरपेपणाचा जन्म मात्र उलट कारणाने झाला. व्हेनिसच्या आल्डस मनुशियसने १५०१ साली हातात मावणारी लहान पुस्तके छापली, ती हस्ताक्षराच्या वळणाच्या तिरप्या खिळ्यांनी. ते कुजबुजणारे अक्षर होते! तिरपी रेघ पुढे धावल्यासारखी भासते, हे ओळखून मथळ्यांनी ती पुढे आपलीशी केली.

गोल टोकांमागे हत्याराचाही हात आहे. फिरत्या अणीचे यंत्र धातूच्या पाटीवर अक्षर कोरते, तेव्हा अणीच गोल असल्याने रेघेचे टोक आपोआप गोल होते. अशा अक्षराला बोचरा कोपरा नसतो. म्हणून खेळणी व गोळ्या-बिस्किटे यांच्या वेष्टनांवर ते शोभून दिसते.

देवनागरीत हे तिन्ही गुण एकत्र आणणे सोपे नाही. वर मात्रा व वेलांटी, खाली उकार. त्यामुळे पाटीच्या उंचीपैकी मूळ अक्षराच्या वाट्याला थोडीच जागा उरते. रेघ जाड केली की आतली पांढरी जागा आणखी आटते आणि ‘ष’च्या पोटातील रेघ बुजून त्याचा ‘प’ वाटू लागतो. ‘घ’ आणि ‘ध’, ‘भ’ आणि ‘म’ यांतील भेद तर शिरोरेषेजवळच्या लहानशा फटीवर व वळणावर अवलंबून असतो. टोके वाजवीपेक्षा गोल केली की नेमका तोच भेद पुसट होतो. ‘पुढे घाट आहे’ ही पाटी वाहनचालकाला क्षणात वाचता आली नाही, तर तिच्या देखणेपणाचा उपयोग काय?

तिरपे करतानाही शिरोरेषा आडवीच राहते. कलतात ते काने. पण सरळ अक्षर नुसते ढकलून कलते केले, तर ‘व’चे पोट एका बाजूस जाड व दुसरीकडे बारीक होते. ते हाताने पुन्हा सुधारावे लागते.

म्हणूनच पाटी रंगवून झाली की जाणता रंगारी लगेच कुंचला धूत नाही. तो दहा पावले मागे सरतो, डोळे किलकिले करतो आणि ‘घ’चा ‘ध’ तर झाला नाही ना, हे पाहून घेतो.