वेल्डिंग येतं. शिकवता येतं का?

सायकल चालवायला येते ना तुम्हाला? मग ती कशी चालवायची, हे धाकट्या भावाला नुसतं बोलून समजावा बघू. ‘तोल सांभाळ’ याच्यापुढे बहुतेकांची गाडी जात नाही. हाताला येणारं काम तोंडाने सांगणं हे वेगळंच कसब आहे.

वर्कशॉपमध्येही तेच होतं. मुरलेला वेल्डर नवख्याला म्हणतो, ‘हात स्थिर ठेव रे!’ पण स्थिर म्हणजे किती? शिकवता येणारा माणूस तेच सुटं करून सांगतो. इलेक्ट्रोड ३.१५ मिमीचा असेल तर टोक पत्र्यापासून साधारण तेवढंच वर. फार जवळ गेलं तर चिकटतं, लांब गेलं तर ठिणग्या उडतात. आधी फक्त अंतर जमवायचं, मग कोन, मग वेग. तयारी, दाखवणं, करून घेणं आणि तपासणं, असे हे चार टप्पे.

आयटीआयमध्ये हे काम करणाऱ्याला ‘शिल्प निदेशक’ म्हणतात. त्याला घडवायला वेगळं प्रशिक्षण लागतं, हे देशाने फार लवकर ओळखलं. निदेशकांसाठीची पहिली संस्था १९४८ मध्ये निघाली. साठच्या दशकात आणखी सहा निघाल्या, त्यातली एक मुंबईत. आज ती राष्ट्रीय कौशल्य प्रशिक्षण संस्था म्हणून चुनाभट्टीला आहे. तिथला शिल्प निदेशक प्रशिक्षणाचा कोर्स एक वर्षाचा. त्यात आपला ट्रेड पक्का करायचाच, शिवाय पाठाचं टाचण काढायचं, प्रात्यक्षिक दाखवायचं आणि सगळ्यांसमोर उभं राहून शिकवायचं.

आता प्रश्न येईल, झरीच्या पोरांना याचं काय?

तर जरा मागे जाऊ. २३ मे १९४५ रोजी याच झरी गावात हजारो वारली जमले आणि वेठबिगार करायची नाही असं ठरवून उठले. आपल्या श्रमाला मोल आहे, हे तिथे ठणकावून सांगितलं गेलं. आज तलासरी-डहाणूची पोरं उंबरगाव, सरीगाम, वापीच्या कारखान्यांत जातात. तिथे हेल्पर म्हणून उभं राहणं आणि फिटर किंवा वेल्डर म्हणून उभं राहणं यात मोठा फरक असतो, पगारात आणि मानातही. म्हणजे आता मोलाचा प्रश्न कसबापाशी येऊन थांबतो. आणि कसब नीट शिकवणारा कोण, हा त्याच्याही आधीचा प्रश्न.

घरी वारली बोलणारा मुलगा वर्गात ‘टॉलरन्स’, ‘क्लिअरन्स’ ऐकून गप्प बसतो. त्याला समजत नाही असं नसतं, विचारायची भीड वाटते. समोरचा निदेशक त्याच्याच पाड्यावरचा असेल, तर तो शब्द त्याच्या बोलीत उलगडेल. आणि हिशेब करा: एका तुकडीत २० जण धरले, तर वर्षभराच्या ट्रेडमध्ये दहा वर्षांत २०० कारागीर एका निदेशकाच्या हाताखालून जातात.

तुमचा किंवा तुमच्या मैत्रिणीचा आयटीआयचा ट्रेड झालाय? इंजिनीअरिंगचा डिप्लोमा किंवा पदवी आहे? मग या कोर्सचा विचार करा. प्रवेशासाठी देशभराची एक सामाईक परीक्षा असते, तिच्या तारखांवर लक्ष ठेवा. मात्र एक गोष्ट आधीच ध्यानात घ्या, कोर्स केला म्हणजे सरकारी नोकरी हातात पडली असं नाही. भरती निघायची वाट बघावी लागते, तोवर अनेकजण तासिका तत्त्वावर किंवा खासगी आयटीआयमध्ये शिकवतात. घरच्यांशी बोलताना हेही सांगा.

जमेल की नाही, अशी शंका आहे? एखाद्या नवख्याला साधा स्विचबोर्ड जोडायला शिकवा, वीज न जोडता. हात त्याचेच चालू द्या, तुम्ही वायरला बोटही लावू नका. त्याला जमलं, तर तुमच्यात निदेशक आहे. नाही जमलं, तर आपलं सांगणं कुठे तुटलं ते शोधा. शिकवणं शिकायला सुरुवात तिथूनच होते.