दिवा लागला की खाली

लॉस एंजेलिसच्या युनियन स्टेशनजवळ पायपर टेक्निकल सेंटर नावाची बसकी, अवाढव्य इमारत आहे. तिच्या गच्चीवर शहर पोलिसांचा हूपर हेलिपोर्ट. ताफा सतरा हेलिकॉप्टरांचा. सिटी कंट्रोलरच्या २०२३ च्या अहवालानुसार दिवसरात्र बहुतेक वेळ त्यातली किमान दोन हवेत असतात, आणि वर्षाचा खर्च जवळपास पाच कोटी डॉलर. खाली वर्णन केलेला दिवस कुणा एका वैमानिकाचा नाही. या नोकरीत कुठलाही दिवस असा जाऊ शकतो.

सकाळी सहा. वैमानिक टॉर्च घेऊन यंत्राभोवती फिरतो. तेलाची पातळी, पात्यांच्या कडा. टाकीच्या तळातून थोडं इंधन काचेच्या बरणीत काढून त्यात पाणी नाही ना, हे उजेडाकडे धरून बघतो.

सात. उड्डाण. शेजारी टॅक्टिकल फ्लाइट ऑफिसर. पत्ते शोधणं, वायरलेस आणि खाली पळणारा माणूस हे त्याचं खातं. वैमानिकाची नजर मात्र मधूनमधून दुसरंच काही टिपत असते: शाळेचं मैदान, रिकामं पार्किंग, नदीचं काँक्रीटचं कोरडं पात्र. या ए-स्टार हेलिकॉप्टरला इंजिन एकच. ते बंद पडलं तर पाती वाऱ्यावर फिरती ठेवून उतरता येतं, पण आठशे फुटांवरून जेमतेम अर्धं मिनिट मिळतं. या शहरात १९७४ ते २०१४ पर्यंत नव्या उंच इमारतींवर हेलिपॅड सक्तीचे होते, म्हणून गच्च्या भरपूर. पण ती सोय आगीच्या वेळेसाठी. आजारी यंत्र घेऊन गच्चीवर कोण जाईल? ऐनवेळी ताकद कमी पडली तर बाजूला सरकायला जागा नाही.

सव्वानऊ. चोरीच्या गाडीवर घिरट्या चालू असताना पॅनेलवर ‘इंजिन चिप’चा दिवा लागतो. बाकी काटे जागच्या जागी, आवाजही नेहमीचा. तेलाच्या वाटेत एक चुंबकी प्लग असतो. धातूचा कण त्याला चिकटून दोन टोकं जोडली गेली की दिवा लागतो. तो कण निरुपद्रवी असू शकतो, किंवा आत बेअरिंग झिजत असू शकतं. हूपर चार मिनिटांवर दिसतंय. खरी परीक्षा इथेच. चार मिनिटं म्हणजे वाटेत फ्रीवे, वस्ती, विजेच्या तारा.

“त्या पार्कात उतरतोय,” वैमानिक म्हणतो. ऑफिसर लगेच तारा शोधायला लागतो.

नऊ वाजून अठरा. बेसबॉलच्या मैदानावर धुरळा. ऑफिसर उतरून शेपटीकडे कुणाला फिरकू देत नाही. मागचा पंखा फिरताना दिसतच नाही. आपल्याकडे हेलिकॉप्टर उतरलं की मंत्री आले असणार म्हणून गर्दी होते. इथे ती मोबाइल काढून होते, आणि बातमीत ‘इमर्जन्सी लँडिंग’ येतं. वैमानिकाला हे अजिबात आवडत नाही. इमर्जन्सी होऊ नये म्हणूनच तो उतरलेला असतो.

साडेदहा. मेकॅनिक व्हॅनमधून येतो, प्लग काढतो, पांढऱ्या फडक्यावर पुसतो. राखाडी, पिठासारखी बारीक लव. बोटांत चोळली तर टोचत नाही. नेहमीची झीज. चकाकणारी, नखात अडकणारी कपची निघाली असती तर हेलिकॉप्टर ट्रेलरवरून गेलं असतं. प्लग स्वच्छ करून परत बसवतात, इंजिन जमिनीवरच चालवून बघतात. दिवा लागत नाही.

बारा. हूपरवर परत.

दोन. कागदपत्रं. कुठलंही नुकसान नाही, इजा नाही, त्यामुळे ही नोंद अपघातात धरली जात नाही. उगाच उतरला, असं कुणाला वाटलंच तर त्याला ग्लासगोचा चौकशी अहवाल वाचायला द्यावा. २९ नोव्हेंबर २०१३ ला तिथलं पोलीस हेलिकॉप्टर क्लथा नावाच्या पबवर कोसळलं, दहा माणसं गेली. इंधन कमी असल्याचा इशारा पाच वेळा वाजला होता आणि पाचही वेळा तो पाहिल्याची नोंद झाली होती. दहा मिनिटांत उतरा, असं चेकलिस्टमध्ये लिहिलेलं होतं. काम मात्र चालूच राहिलं. मला तरी पार्कातला तो धुरळा फार स्वस्त वाटतो.

चार. पुढच्या पाळीचा वैमानिक लॉगबुक चाळतो. प्लग थोड्या तासांनी पुन्हा उघडायचा आहे, हे वाचून मान डोलावतो.

“कुठल्या बाजूने शिरलास? पूर्वेला तारा आहेत ना तिथे?”

“पश्चिमेने. पण दिव्यांचे खांब उंच आहेत, रात्री बघून.”

तो नकाशावर पेन्सिलने खूण करतो आणि हेल्मेट उचलतो.