वाद्यवृंदांतील समुद्र

समुद्राची गाज ज्यानें एकदां ऐकली त्यास ती वाद्यांतून पुन्हां ऐकविण्याचें प्रयोजन काय, असा प्रश्न कोणी विचारील. केवळ नक्कलच करावयाची असेल तर प्रयोजन फारसें नाहीं. परंतु समुद्राची एक गोष्ट आपल्या सहसा लक्षांत येत नाहीं. ती म्हणजे त्याच्या वाढण्याची संथ गति. संगीत ती जाणवून देऊं शकतें.

पाश्चात्य संगीतकारांना समुद्राचें आकर्षण जुनें आहे. मेंडेल्सोन यांनीं १८२९ मध्यें स्कॉटलंडजवळील हेब्रिडीझ बेटें पाहिलीं व त्या स्मृतीवर आपली प्रसिद्ध रचना उभारली. क्लोद दब्युसी यांची ‘ला मेर’ ही रचना १९०५ मध्यें पॅरिस येथें प्रथम वाजविली गेली. पहाटेपासून मध्यान्हापर्यंतचा समुद्र, लाटांची क्रीडा आणि वारा व समुद्र यांचा संवाद, असे तिचे तीन भाग आहेत. या रचना ऐकतांना श्रोता जणू किनाऱ्यावर उभा राहून पाहत असतो.

जॉन ल्यूथर अ‍ॅडम्स या अमेरिकन संगीतकाराच्या ‘बिकम ओशन’ या रचनेंत मात्र तो किनाराच उरलेला नाहीं. अलास्कांत अनेक वर्षें राहिलेल्या अ‍ॅडम्स यांची ही कृति २०१३ मध्यें सिअ‍ॅटल येथें प्रथम सादर झाली व २०१४ मध्यें तिला पुलित्झर पारितोषिक मिळालें. ध्रुवाकडील बर्फ वितळून समुद्र चढत राहिला तर समुद्रांतून आलेलें जीवन पुन्हां समुद्रांतच मिळेल, ही तिच्यामागील कल्पना.

तिची घडण गणितासारखी नेमकी आहे. वाद्यांचे तीन मुख्य गट आहेत: तंतुवाद्यें, बासरी-क्लॅरिनेटसारखीं वाद्यें आणि पितळी वाद्यें. सर्व संगीत ६३० समान खंडांचें, सुमारें ४२ मिनिटांचें. तंतुवाद्यांची लाट ३० खंडांची, दुसऱ्या गटाची ४२ खंडांची आणि पितळी वाद्यांची ७० खंडांची. प्रत्येक लाट अगदीं मंद आवाजांत उठते, मध्यावर शिखर गांठते आणि ओसरते. लांबी निराळी असल्यामुळें शिखरें एरवीं एकाच वेळीं येत नाहींत; तिन्ही एकत्र येतात तीं केवळ तीनदां, सुमारें सातव्या, एकविसाव्या आणि पस्तिसाव्या मिनिटास. गवई व तबलजी निरनिराळ्या वाटांनीं फिरून समेवर भेटतात, तशीच ही भेट. मात्र ती इतकी संथपणें जवळ येते कीं, नाद केव्हां चढूं लागला हें सांगतां येत नाहीं; तो सर्वत्र पसरल्यावरच उमगतें.

खरा समुद्रहि असाच चढत आहे. १९०१ ते २०१८ या काळांत त्याची सरासरी पातळी सुमारें २० सेंटिमीटरनें वाढली. तापलेलें पाणी प्रसरण पावतें आणि जमिनीवरील वितळलेल्या बर्फाचें पाणीहि त्यास येऊन मिळतें. एका वर्षांतील वाढ कांहीं मिलिमीटरांचीच असल्यामुळें ती कोणाच्या डोळ्यांस दिसत नाहीं.

हे आंकडे कोणतेंहि वाद्य सांगूं शकत नाहीं, आणि नांव ठाऊक नसल्यास ऐकणाऱ्यास बर्फ आठवेलच असेंहि नाहीं. परंतु न कळत होणारी वाढ म्हणजे काय, याचा अनुभव ही रचना देते. शिवाय तिच्यांत एक भेद लपलेला आहे. मध्यबिंदूनंतर सारें संगीत आल्या वाटेनें उलट चालूं लागतें आणि शेवटीं आरंभींच्या शांततेस पोंचतें. वाद्यवृंदांतील समुद्र असा बेचाळीस मिनिटांत परत जातो. बाहेरचा समुद्र कित्येक पिढ्यांतहि परत जाणार नाहीं.