आगोटीच्या दिवसांत कटर निवडताना

सकाळी 6.30

मे संपत आला की दापोली तालुक्यात आगोटीची घाई सुरू होते. पावसाळ्याचे चार महिने चूल पेटती राहायची तर लाकडं आताच कापून, वाळवून खोपीत रचायला हवीत. त्यामुळे दुकानाचं शटर उघडण्याआधीच पायरीवर दोन-तीन चेन सॉ, म्हणजे आमच्या भाषेत कटर, येऊन पडलेले असतात. माझं काम दुरुस्तीचं. पण या दिवसांत निम्मा वेळ जातो तो “काका, कुठला कटर घेऊ?” या प्रश्नाला उत्तर देण्यात.

उन्हं वर यायच्या आत चेन घासून घेतो. पाव इंचाहून थोड्या मोठ्या, म्हणजे 0.325 इंच पिचच्या चेनला 4.8 मिलिमीटरची गोल कानस, साध्या 3/8 ला 5.2 ची. कानस दात्याशी 30 अंशात धरायची, आतून बाहेर एकाच दिशेने चालवायची, आणि पहिल्या दात्याला जितके हात दिले तितकेच सगळ्यांना. एका बाजूचे दाते लहान राहिले की काप तिरका जातो. प्रत्येक दात्यापुढे एक बुटका उंचवटा असतो, त्याच्याकडे कोणी बघत नाही. दाता झिजत खाली येतो, उंचवटा तसाच राहतो, मग चेन लाकडावरून नुसती घसरते. माणूस जोर लावतो, बार तापतो, इंजिन हाय खातं. “मशीनमध्ये दम राहिला नाही” म्हणून जे कटर येतात, त्यांतल्या बऱ्याचशांना फक्त कानशीची गरज असते. सपाट कानशीने तो उंचवटा दात्यापेक्षा साधारण 0.65 मिलिमीटर खाली आणला की तोच कटर पुन्हा भुशाऐवजी ढलप्या टाकू लागतो.

सकाळी 9

एक मुलगा खोकं घेऊन आला. सात-आठ हजारांत मोबाईलवरून मागवलेला कटर, वर 58 सीसी छापलेलं, 22 इंची बार. स्टार्टरची दोरी ओढली की नुसती गरगर फिरते, आतला कुत्रा, म्हणजे पकड घेणारा खटका, तुटलाय. चार आण्याचा भाग, पण मिळायचा कुठे? दिसायला सारख्या असणाऱ्या या मशीनांचे भाग एकमेकांना बसतीलच असं नाही. ज्याच्याकडून घेतलं तो फोन उचलत नाही. मुलाच्या वडिलांनी काजूच्या पैशातून ते घेतलं होतं. मला अशा वेळी फार वाईट वाटतं. स्वस्त मिळालं म्हणून घेतलेलं मशीन ऐन आगोटीत कोपऱ्यात पडतं आणि लाकडं कापायला दुसऱ्याला मजुरी द्यावी लागते.

सकाळी 10.30

आंबा-काजूचे एक तरुण बागायतदार आले. “काका, मोठ्यातलं मोठं दाखवा.”

मी विचारलं, रोज काय कापणार? सुकलेल्या काजूच्या फांद्या, घरची लाकडं, वादळात पडला तर एखादा आंबा. चालवणार कोण? ते स्वतः आणि एक गडी. मग 70 सीसी आणि 24 इंची बार कशाला? तो रोज ओंडके पाडणाऱ्याचा. बारसकट सात-आठ किलोचं धूड दिवसभर उतारावर धरलं की दुपारपर्यंत हात थरथरू लागतो, आणि थकलेल्या हातातला कटर धोक्याचा. त्यांना 45 ते 50 सीसी, 18 इंची बार पुष्कळ. त्याहून जाड ओंडका दोन्ही बाजूंनी कापता येतो. नुसती चुलीपुरती लाकडं असतील तर 35 सीसी आणि 16 इंचसुद्धा चालतो.

पुढचा प्रश्न कंपनीचा. स्टिल 1926 पासूनची जर्मन, हुस्क्वार्ना स्वीडनची, दोघांचीही मशीनं चांगली. मी त्या वादात पडत नाही. मी विचारतो, कार्ब्युरेटरचा पडदा, क्लच, स्प्रॉकेट, चेन हे दापोलीत किंवा खेडला आजच्या आज मिळतं का? मिळत असेल तो कटर भरवशाचा. नाव कितीही मोठं असो, एका वॉशरसाठी आठ दिवस थांबावं लागणार असेल तर तो इथे कामाचा नाही.

त्यांच्याकडे विकायला आलेला एक जुना कटरही त्यांनी बरोबर आणला होता. मी तो स्टार्टरच्या मुठीला धरून अधांतरी उचलला. दोरी सरसर सुटत तो खाली आला. कॉम्प्रेशन गेलेलं. नको म्हणालो.

दुपारी 12.30

शेजारच्या वाडीत वठलेला रायवळ आंबा पाडायचा होता, बागायतदारांना बरोबर नेलं. आधी परवानगीचा कागद पाहिला. आंबा, फणस, ऐन, किंजळ ही झाडं 1964 च्या वृक्षतोड कायद्याच्या अनुसूचीत आहेत, स्वतःच्या जागेत असली तरी. मग बुंध्यावर हात फिरवून कुंपणाचे खिळे शोधले. एका खिळ्यात अख्खी चेन जाते.

पडायच्या दिशेला खाच, बुंध्याच्या जाडीच्या चौथाईपर्यंत. मागचा काप खाचेच्या तळापेक्षा थोडा वर. मधे जाडीच्या दहाव्या हिश्शाएवढी पट्टी कापायचीच नाही, झाड तिच्यावरच वळून पडतं. मागे लाकडी पाचर. लोखंडी पाचर वापरू नये, चेन लागली तर दाते जातात.

बारच्या टोकाचा वरचा भाग लाकडाला टेकू द्यायचा नाही हे त्यांना दोनदा दाखवलं. टेकला की कटर उसळून थेट तोंडाकडे येतो. पुढचा चेन ब्रेक त्यासाठीच असतो. तो खटकन बसत नसेल तर मशीन फुकटसुद्धा घेऊ नये. 3 जून 2020 ला निसर्ग वादळ आलं, नंतर या गावांत झाडं एकमेकांत अडकून पडली होती. फांद्या धनुष्यासारख्या ताणलेल्या. हेल्मेट आणि बूट न घालता त्यांत शिरणारी माणसं बघून तेव्हा जीव थाऱ्यावर नसायचा.

दुपारी 4

जेवण, मग पेट्रोल. लिटरला 20 मिलिलिटर टू-स्ट्रोक ऑइल, अंदाजाने नाही, मापाने. आताच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल 20 टक्क्यांपर्यंत असतं आणि इथेनॉल पाणी ओढतं. आमच्या दमट हवेत मिसळून ठेवलेलं पेट्रोल महिनाभर ठेवू नये. पावसाळ्यात कटर ठेवून द्यायचा असेल तर टाकी रिकामी करून तो आपोआप बंद पडेपर्यंत चालवायचा, नाहीतर कार्ब्युरेटरचा पडदा कडक होतो आणि दिवाळीनंतर तो चालू होत नाही.

संध्याकाळी 6

बागायतदारांनी 45 सीसीचा घेतला. चालू करून बारचं टोक पुठ्ठ्यासमोर धरलं, तेलाची बारीक रेघ उमटली, म्हणजे चेनला तेल पोचतंय. मग जुनी बोथट चेन त्यांच्यापुढे ठेवली आणि पूर्ण त्यांच्याच हातून घासून घेतली. सुरुवातीला कानस वाकडी जात होती, निम्म्यात हात बसला. नवी चेन पहिल्या टाकीतच सैल होईल, थंड झाल्यावर ताणून घ्या, बार अधूनमधून उलटा लावा, असं सांगून बिल केलं. त्यात दोन गोल कानशी, एक सपाट आणि एक जादा चेन धरली.