लोणारचा गुलाबी, सोन्याचा लाल

जून २०२० मध्ये बुलढाणा जिल्ह्यातल्या लोणार सरोवराचं पाणी गुलाबी झालं, तेव्हा त्याचे नमुने पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत तपासले गेले. रंग पाण्यात विरघळलेला नव्हता. खारट पाण्यात फोफावणाऱ्या हॅलोआर्किया या सूक्ष्मजीवांचा तो होता. नमुना काही दिवस न हलवता ठेवला, तर जीव तळाशी बसून वरचं पाणी निवळलं. बुलढाण्यातल्या कुठल्याही मेडिकलमध्ये मिळणाऱ्या गर्भचाचणीच्या पट्टीवरची लाल रेघही बहुधा अशाच न विरघळलेल्या कणांची असते, फक्त ते कण सोन्याचे. सोनं पाण्याच्या एकोणीस पट जड. तरी या कणांचं लाल पाणी महिनोन्‌महिने निवळत नाही. कौतुक सोन्याचं होतं. खरं श्रेय त्यावर चढवलेल्या प्रथिनाच्या थराचं आहे.

कण बारीक म्हणून तरंगतात, हे नेहमीचं उत्तर. ते खोटं नाही. चाळीसेक नॅनोमीटरच्या, म्हणजे मिलिमीटरच्या पंचवीस हजाराव्या भागाएवढ्या कणाला पाण्याचे रेणू सतत धक्के देतात, त्यामुळे तो सहजी खाली बसत नाही. पण बारीक कण एकमेकांना चिकटतात, गठ्ठे होतात आणि मग साका धरतो. उघड्या कणांना सारख्या विद्युतभाराचं ढकलणं काय ते दूर ठेवतं. मीठ पडलं की तो भार झाकला जातो. मायकेल फॅरेडेने १८५७ मध्ये हे पाहिलं होतं: सोन्याचं माणकासारखं लाल पाणी मिठाने निळं पडलं. रिचर्ड झिग्मोंडीने पुढे यावर मोजमाप बसवलं. दहा मिलिलिटर सोन्याच्या पाण्यात दहा टक्के मिठाचं एक मिलिलिटर पाणी घालायचं आणि लाली टिकवायला कोणता पदार्थ किती लागतो ते बघायचं. जिलेटिन, म्हणजे हाडा-कातड्यापासून मिळणारं प्रथिन, मिलिग्रॅमच्या शंभराव्या भागाएवढं पुरलं. झिग्मोंडीला १९२५ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

लघवी खारटच असते, म्हणून पट्टीतल्या सोन्याला हे पांघरूण लागतंच. तिथलं प्रथिन म्हणजे प्रतिपिंड. ते गर्भाचं संप्रेरक पकडतं आणि कणांना सुटंही ठेवतं. कुणी म्हणेल, रेघ दिसते ती सोन्यामुळेच ना? पण सोन्याऐवजी रंगीत लॅटेक्सचे मणी वापरूनही अशा पट्ट्या बनतात. धातू बदलता येतो, प्रतिपिंडाची जागा मात्र रिकामी ठेवता येत नाही.

चांदीचीही तीच गत. खामगावची चांदी शुभ्र. तोच धातू कणरूपाने पाण्यात पसरला की पाणी पिवळट-तपकिरी दिसतं. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत अबसार अहमद आणि मुरली शास्त्री यांच्या गटाने २००३ च्या सुमारास फ्युझेरियम ऑक्सिस्पोरम या बुरशीकडून चांदीचे कण करून घेतले. हरभऱ्याला मर आणणारी बुरशी याच जातीची. तिने बाहेर सोडलेली प्रथिनंच कणांना धरून राहिली, वेगळं काही घालावं लागलं नाही. बुलढाण्याची महाविद्यालयं ज्या अमरावती विद्यापीठाला जोडलेली आहेत, तिथे महेंद्र राय यांनीही बुरशी आणि चांदी यांवर बरंच काम केलं आहे.

आता खरा आक्षेप. प्रथिन नाजूक असतं, आणि कमी पडलं तर उलट तेच कणांना बांधून गठ्ठे करतं. शिवाय प्रत्येक प्रथिनाचा एक आम्लांक (pH) असा असतो, जिथे त्याचा विद्युतभार शून्यावर येतो. दुधात लिंबू पिळल्यावर दूध फाटतं ते याच कारणाने. दुधातल्या केसीनचा हा आकडा ४.६ च्या आसपास. त्याचं पांघरूण घेतलेलं सोनं लिंबूपाण्यात टिकेल असं मानायला आधार नाही. लोणारच्या पाण्याचा आम्लांक दहाच्या आसपास आहे. तिथे केसीन भाराने भरलेलं राहील, पण उघडं सोनं खारटपणाने निळं पडून तळाला जाईल.