एक नेटवर्क कार्ड, अनेक आयपी अ‍ॅड्रेस: हे कसं जमतं?

फोनच्या सेटिंग्जमध्ये ‘अबाउट फोन’ उघडा आणि आयपी अ‍ॅड्रेस बघा. बऱ्याच फोनमध्ये तिथे एकाखाली एक दोन-तीन अ‍ॅड्रेस दिसतात. एक जुन्या पद्धतीचा आयपीव्ही४, बाकीचे लांबलचक आयपीव्ही६. वायफाय एकच, मग अ‍ॅड्रेस इतके कसे? सर्व्हरवर आम्ही हीच गोष्ट मुद्दाम करतो.

कार्ड वेगळं, अ‍ॅड्रेस वेगळा

नेटवर्क कार्डाला कारखान्यातच ४८ बिटांचा मॅक अ‍ॅड्रेस मिळतो. आयपी अ‍ॅड्रेस मात्र कार्डात कोरलेला नसतो. तो ऑपरेटिंग सिस्टिमने कार्डाच्या नावावर लिहिलेला असतो. त्यामुळे एकाच कार्डाच्या नावावर दोन काय, पन्नासही लिहिता येतात. ड्युअल सिम फोनसारखं समजा: नंबर दोन, हँडसेट एकच.

नेटवर्कमधलं एखादं मशीन आधी सगळ्यांना विचारतं, “१९२.१६८.१.२० कोणाकडे आहे?” सर्व्हर म्हणतो, “माझ्याकडे, हा घे माझा मॅक अ‍ॅड्रेस.” याला एआरपी म्हणतात. दुसऱ्या आयपीबद्दल विचारलं तरी सर्व्हर तोच मॅक अ‍ॅड्रेस देतो. झालं काम!

उपयोग काय?

मला सगळ्यात जास्त उपयोग होतो तो सर्व्हर बदलताना. समजा, एका मोठ्या दुकानात ४० बिलिंग मशीन आहेत आणि प्रत्येकात जुन्या सर्व्हरचा आयपी टाकलेला आहे. सर्व्हर बदलला तर चाळीसही मशीनची सेटिंग बदलत बसायचं? त्यापेक्षा जुना सर्व्हर बंद करा आणि त्याचा आयपी नव्या सर्व्हरला जास्तीचा म्हणून द्या. बिलिंग मशीनना पत्ताही लागत नाही.

पूर्वी एका सर्व्हरवर अनेक एचटीटीपीएस वेबसाइट ठेवायच्या तर प्रत्येकीला वेगळा आयपी लागायचा. एसएनआय आल्यावर ती गरज बरीच कमी झाली.

लिनक्सवर कसं करायचं?

१. तो आयपी दुसऱ्या कोणाकडे नाही ना, ते तपासा. राउटर आपोआप वाटतो त्या रेंजमधला घेऊ नका. एकच आयपी दोन मशीनवर असला तर कनेक्शन कधी इकडे, कधी तिकडे जातं.

२. ‘आयपी अ‍ॅड्रेस अ‍ॅड’ ही कमांड इंग्रजीत टाइप करा. तिच्यापुढे १९२.१६८.१.२०/२४, मग ‘डेव्ह’ आणि कार्डाचं नाव.

३. आयपी दुसऱ्या सर्व्हरवरून आणला असेल तर शेजारच्या मशीनना थोडा वेळ जुनाच मॅक अ‍ॅड्रेस आठवत राहतो. ‘एआरपिंग’ने नवा कळवता येतो.

४. कमांडने दिलेला आयपी रीस्टार्टनंतर जातो. कायमचा हवा असेल तर उबुंटू सर्व्हरवर नेटप्लानच्या फाइलमध्ये लिहा आणि ‘नेटप्लान ट्राय’ चालवा. सर्व्हर लांब असेल तर हे फार महत्त्वाचं, कारण सेटिंग चुकलं की आपणच बाहेर अडकतो. १२० सेकंदांत होकार दिला नाही तर ही कमांड जुनं सेटिंग परत आणते.

दोन गोष्टी लक्षात ठेवा

आयपी वाढले म्हणून स्पीड वाढत नाही. केबल एकच, ती निघाली की सगळे आयपी एकदम बंद.

दुसरं, सर्व्हर स्वतःहून बाहेर कनेक्शन करतो तेव्हा बहुतेक वेळा पहिलाच आयपी वापरतो. समोरच्या फायरवॉलमध्ये फक्त नव्या आयपीला परवानगी असेल तर कनेक्शन अडतं, आणि आपण तासभर नको तिथे शोधत बसतो. म्हणून परवानगी मागताना दोन्ही आयपी कळवा.